गडी मेला, पुढे काय? : हुतूतूच्या मैदानापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

हे टिपण खेळांच्या इतिहासावरचे आहे, पण त्याचे मूळ सी भाषेच्या प्रयोगशाळेत आहे. रायपूरच्या आमच्या महाविद्यालयात फाइल हाताळणी शिकवताना मी मुलांना एक छोटा खेळ लिहायला देतो. अक्षरांनी काढलेली भुयारे, त्यांत फिरणारा एक नायक, चार-दोन राक्षस, आणि खेळ अर्धवट सोडून उद्या पुढे चालू करता यावा म्हणून त्याची स्थिती फाइलमध्ये साठवण्याची सोय. दर वर्षी एखादा गट विचारतो, ‘‘सर, हीरो मेला तर सेव्ह फाइल ठेवायची की डिलीट करायची?’’ प्रश्न एका ओळीच्या कोडचा आहे. फाइल ठेवली तर मेलेला नायक मागच्या जागेवरून पुन्हा उठतो. पुसली तर गेला तो गेला. वर्गात मात्र या एका ओळीवर अर्धा तास वाद होतो.

व्हिडिओ गेमच्या भाषेत याला ‘पर्माडेथ’ म्हणतात, म्हणजे पात्राचा कायमचा मृत्यू. पात्र मेले की त्याची कमाई, शस्त्रे, वाढवलेली ताकद सगळे संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका बाजूचे म्हणणे, मरणाची भीती नसेल तर खेळात राम नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, तीस तासांची मेहनत एका चुकीच्या बटणाने पुसून टाकणे हा निव्वळ छळ आहे. दोघेही असे बोलतात जणू हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आला. तसे नाही. मैदानी खेळाचे नियम लिहून काढताना महाराष्ट्रात याच प्रश्नाचा निकाल सुमारे शंभर वर्षांपूर्वी लावला गेला, आणि तो निकाल आजच्या बऱ्याच गेम बनवणाऱ्यांच्या विचारांपेक्षा अधिक बारकाईचा होता, असे मला वाटते. तो खेळ म्हणजे हुतूतू, आजची कबड्डी.

संजीवनी, गामिनी, अमर

आधी शब्दांकडे पाहा. क्रिकेटमध्ये आपण ‘बाद’ म्हणतो, पण हुतूतूत गडी ‘मरतो’ आणि ‘जिवंत होतो’. आमच्याकडे छत्तीसगढी बोलणारी पोरेही मैदानात ‘मर गे’ असेच ओरडतात. २०२२ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने छत्तीसगढिया ऑलिम्पिक सुरू केले. त्यात गिल्ली-डंडा, पिट्ठुल (म्हणजे आपली लगोरी) यांच्या जोडीला कबड्डीही होती. गावोगावच्या त्या मैदानांवर किती गडी मेले आणि उठले याची गणतीच नको. खेळातले मरण आपल्या पोरांना मोबाइलने शिकवले, ही पालकांची तक्रार मी ऐकतो तेव्हा मला हे आठवते.

जुन्या हुतूतूचे तीन प्रकार होते आणि ते नेमके याच प्रश्नावरून वेगळे झाले होते : मेलेल्या गड्याचे करायचे काय?

गामिनी प्रकारात मेलेला गडी बाहेर गेला की बाहेरच. आपला अख्खा संघ मरेपर्यंत त्याने रेषेबाहेर बसायचे. सगळे मेले की प्रतिपक्षाला एक गुण, मग दोन्ही बाजू पुन्हा पूर्ण संख्येने उभ्या. असे ठरलेले गुण होईपर्यंत खेळ चाले, वेळेचे बंधन नसे. एका डावापुरता हा कायमचा मृत्यूच.

अमर प्रकारात गडी मरतच नाही. त्याला शिवले, पकडले, तर समोरच्याला गुण मिळतो. गडी आपल्या जागी उभाच. पंजाबकडे वर्तुळात खेळतात त्या कबड्डीत आजही असेच आहे.

संजीवनी प्रकार मधला. गडी मरतो आणि बाहेर जातो, पण त्याच्या संघाने समोरचा एक गडी मारला की बाहेर बसलेला एक जण जिवंत होऊन परत येतो. खेळ ठरलेल्या वेळेचा.

नावे ठेवणाऱ्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते. संजीवनी ही शुक्राचार्यांची विद्या. कचाला असुर पुन्हा पुन्हा मारतात आणि शुक्राचार्य त्याला उठवतात. शेवटी त्याची राख मद्यात मिसळून गुरूलाच पाजतात, तेव्हा कचाला जिवंत करायचे तर गुरूला मरावे लागेल असा पेच पडतो. ही गोष्ट त्या काळच्या मराठी प्रेक्षकाला चांगलीच परिचयाची होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ हे नाटक १९१३ मध्ये रंगभूमीवर आले होते. नाटकाचा आणि खेळाच्या नियमांचा संबंध होता असे मला म्हणायचे नाही. पण कचाच्या कथेत जी गोष्ट आहे तीच नियमात आहे : मेलेल्याला स्वतःला काही करता येत नाही, त्याला उठवणे दुसऱ्याच्या हातात असते आणि त्यासाठी त्या दुसऱ्याला काहीतरी पणाला लावावे लागते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून महाराष्ट्रातल्या क्रीडाप्रेमी मंडळींनी या खेळाला एकसारखे नियम देण्याचे काम हाती घेतले. १९२१ मध्ये संजीवनी आणि गामिनी यांची सांगड घालणारे नियम झाले. १९२३ मध्ये एका समितीने ते सुधारले आणि त्याच वर्षीच्या अखिल भारतीय स्पर्धेत ते लावले. पुढचा प्रवास तुम्ही वाचला असेल : १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने केलेली प्रात्यक्षिके, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत प्रवेश, २०१४ पासून प्रो कबड्डी. नियमांचे तपशील बदलत गेले, सांगड मात्र राहिली.

ती सांगड कशी आहे ते नीट पाहू, कारण सगळा मुद्दा तिच्यात आहे.

सात गडी मैदानात. चढाईपटूने दोघांना शिवून मधली रेषा गाठली, तर ते दोघे मेले आणि चढाईपटूच्या संघाला दोन गुण. शिवाय त्या संघाचे बाहेर बसलेले दोन गडी जिवंत होतात, तेही कोणीही दोघे नाही. जो आधी मेला तो आधी परत येतो. हुकमी गडी आधी आत घ्यावा अशी सोय नाही. बोनस गुण मात्र निराळा. बोनस रेषा ओलांडून मिळवलेल्या गुणाने फलकावरचा आकडा वाढतो, पण कोणी जिवंत होत नाही. जीव परत आणायचा तर समोरचा जीव घ्यावाच लागतो. आणि सातही जण मेले तर लोण. प्रतिपक्षाला दोन जादा गुण मिळतात आणि मेलेला संघ पूर्णच्या पूर्ण उभा राहतो. गामिनीची उरलेली खूण ती हीच.

नुसत्या गामिनीत अडचण काय होती, याचा विचार शारीरिक शिक्षणाच्या अंगाने केला तर पटकन कळते. जो कच्चा तो आधी मरतो. जो आधी मरतो तो सर्वात जास्त वेळ बाहेर बसतो. म्हणजे ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज, त्याच्याच वाट्याला सर्वात कमी खेळ. पाच-दहा मिनिटांनी मैदानात दोन्हीकडचे दांडगे गडी तेवढे उरतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. नुसत्या अमरमध्ये दुसरे टोक. तिथे चूक केल्याने मैदानावरचे चित्र बदलत नाही, फक्त आकडा बदलतो. सातातले तीन गेल्यावर उरलेल्या चौघांची जी तारांबळ उडते, कोपऱ्यातल्या गड्याला मधे यावे लागते, चढाईला पाठवायला माणूस उरत नाही, ती मौजच नाही. संजीवनीने मरणाचा परिणाम ठेवला आणि बाहेर बसण्याची शिक्षा कमी केली.

आळीतल्या पोरांनी तर याही पुढची सोय केली होती. धाकट्या भावाला खेळायला घ्यायचे पण तो लगेच मरतो आणि रडतो, मग त्याला ‘कच्चा लिंबू’ ठरवायचे. कच्चा लिंबू धावतो, पळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. एकाच मैदानात एक गडी अमर, बाकीचे मर्त्य. आणि कोणाची हरकत नाही. ‘टाइमप्लीज’ म्हटले की सगळे जिथल्या तिथे थांबतात, ही सोयही त्यांचीच. पुढे संगणकावर या दोन्ही गोष्टी बराच काळ भांडणाचे विषय झाले.

पटावरचे मरण

बैठ्या खेळांबद्दल थोडक्यात. सारीपाटात सोंगटी मरते, पण पुन्हा बसवता येते. गमावला जातो तो चाललेला प्रवास. इंग्लंडला जाऊन त्याचा लुडो झाला तरी हे टिकले. बुद्धिबळात मेलेला मोहरा त्या डावात परत येत नाही. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले तर त्याचा वजीर होतो, एवढीच पळवाट. आणि ज्याच्या कर्तृत्वाचे श्रेय आपली परंपरा ज्ञानेश्वरांना देते (इतिहासकारांना पटेल असा पुरावा त्यासाठी नाही) त्या मोक्षपटात मरण असे नाहीच. दुर्गुणाच्या सापाने गिळले तर खालच्या घरात पडायचे, सद्गुणाची शिडी मिळाली तर वर जायचे, आणि मोक्षाच्या घरापर्यंत हा फेरा चालू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची सापशिडी होऊन विलायतेत गेली तेव्हा घरांवरची नावे बदलली, फेरा तसाच राहिला.

नाण्याचे तीन जीव

व्हिडिओ गेमचा पहिला लोकप्रिय काळ हा नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचा. १९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला. त्यात तीन जीव. तीन हा आकडा कोणत्या तत्त्वज्ञानातून आलेला नाही. यंत्रवाल्याला हिशेब असतो : गिऱ्हाईक फार लवकर मेले तर चिडून निघून जाईल, फार उशिरा मेले तर मागच्या रांगेतले नाणे पडणार नाही. १९८५ च्या ‘गॉन्टलेट’ या यंत्रात तर नायकाचे आयुष्य नुसत्या वेळेबरोबरच कमी होत जाई, आणि नवे नाणे टाकले की वाढे. खेळाच्या इतिहासात इथे एक नवी गोष्ट घडली. आजवर मेलेल्या गड्याला परत आणणारा होता सहकारी, फासा किंवा नियम. आता तो गल्ला झाला. ही नोंद करून ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

माझ्या पिढीला हे प्रकरण घरच्या टीव्हीवर भेटले. नव्वदीत मध्यमवर्गीय घरांत ‘मीडिया’, ‘सामुराई’ अशा नावांची टीव्ही गेमची यंत्रे आली. त्यांच्या कॅसेटमध्ये बहुतेक वेळा खेळ साठवायची सोय नव्हतीच. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) मध्ये सगळे जीव संपले की पुन्हा पहिल्या जगाचा पहिला टप्पा. त्यामुळे आम्ही सगळे पर्माडेथच खेळत होतो, फक्त आम्हाला तो शब्द माहीत नव्हता. शिवाय लाईट गेली तर पाच जीव शिल्लक असूनही मारिओ मेला. हा कायमचा मृत्यू रचनाकाराने विचार करून ठेवलेला नव्हता. बॅटरी आणि मेमरी महाग होती म्हणून तो होता. ‘‘आमच्या वेळी खेळ अवघड असत, आताची पोरे नाजूक’’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे. अवघडपणातला निम्मा भाग चिपच्या किमतीचा होता.

रोग : विचार करून ठेवलेला मृत्यू

कायमचा मृत्यू मुद्दाम ठेवण्याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ‘रोग’. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी तो लिहायला घेतला; पुढे बर्कलीत केन अरनॉल्ड त्यांना मिळाले. पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटवणारी ‘कर्सेस’ ही लायब्ररी अरनॉल्ड यांच्याच हातची. युनिक्सच्या बर्कली आवृत्तीबरोबर खेळ जगभरच्या विद्यापीठांत पोहोचला. तुम्ही प्रयोगशाळेत लिहिता तो खेळ याचाच पणतू आहे.

त्याआधीचा ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ शब्दांनी खेळायचा होता आणि त्यातली गुहा दर वेळी तीच. एकदा कोडे सुटले की खेळ संपला. आणि ज्याने तो लिहिला त्याला तर खेळण्यासारखे काही उरतच नाही. रोगमध्ये भुयार प्रत्येक डावात नव्याने तयार होते. खोल्या वेगळ्या, राक्षस वेगळे, औषधांच्या कुप्यांचे रंगसुद्धा वेगळे. निळी कुपी मागच्या डावात जखम भरणारी असेल, या डावात आंधळे करणारी. ती पिऊन पाहायची की नाही, हा खरा निर्णय तेव्हाच ठरतो जेव्हा पिऊन मेल्यावर मागे फिरता येत नाही. फाइल साठवून, कुपी पिऊन, वाईट निघाली तर फाइल परत उघडायची अशी मुभा असेल तर कुपीचे रहस्य उरतच नाही. म्हणून रोगमध्ये साठवलेला खेळ उघडला की फाइल पुसली जाते. साठवणे म्हणजे पुस्तकात खूण घालून ठेवणे, विम्याची पॉलिसी नव्हे.

इथे एक जोडी तयार होते : दर वेळी नवे जग आणि एकदाच मरण. मेल्यावर तुम्ही बाहेर बसत नाही. पुढच्या सेकंदाला नवे भुयार समोर येते, आणि तेही आधी पाहिलेले नसते. गामिनीतला दोष, म्हणजे मेलेल्याने बसून राहणे, इथे उद्भवतच नाही. तीच जोडी मोडून, वीस तासांची ठरलेली गोष्ट सांगणाऱ्या खेळात कायमचा मृत्यू घातला तर काय होते? तीच वाक्ये, तीच दारे, तेच पहिले पाच तास पुन्हा पाहायचे. तो धाक नाही, तो कंटाळा आहे.

१९८७ चा ‘नेटहॅक’ हा रोगच्या घराण्यातला. त्यात एक झकास सोय आहे. तुम्ही मेलात की कधी कधी ती जागा, तुमचे सामान आणि तुमचे भूत यांसकट साठवली जाते. त्याच संगणकावर दुसरा कोणी खेळायला बसला तर त्याला ती सापडू शकते. विद्यापीठाच्या सामायिक यंत्रावर याचा अर्थ असा, की शेजारच्या टर्मिनलवरच्या मित्राचे थडगे तुम्हाला भुयारात भेटते आणि त्याची तलवार तुम्ही उचलता. बऱ्याचदा ती शापित निघते ही गोष्ट वेगळी. मेलेल्याचे काहीतरी मागे राहते, दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

पंच नसलेले मैदान

हुतूतूत पंच असतो. ‘मी मेलोच नाही’ म्हणून चालत नाही (आळीत मात्र सगळा खेळ याच वाक्यावर चालतो). घरच्या संगणकावर पंच नाही, आणि इथे कायमच्या मृत्यूचे नियम पुन्हा पुन्हा फसले.

१९८१ चा ‘विझर्ड्री’ पाहा. त्यात गडी मेला तर देवळात नेऊन पैसे भरून उठवता येत असे. विधी फसला तर त्याची राख होई. राखेवरचा विधीही फसला तर नाव कायमचे पुसले जाई. शुक्राचार्यांची विद्या, पण यश नक्की नाही! नियम सुंदर होता, पण तो लिहिला जाई फ्लॉपीवर, आणि फ्लॉपीची प्रत काढता येते. ती काढली गेलीच.

१९९० मध्ये जपानमध्ये ‘फायर एम्ब्लेम’ आला. बुद्धिबळासारखा पट, पण प्रत्येक मोहऱ्याला नाव, चेहरा आणि घरची गोष्ट. मेलेला शिपाई पुढच्या लढाईत नसतो. हेतू असा, की सेनापतीला प्रत्येक माणसाची किंमत कळावी. प्रत्यक्षात अनेक जण काय करू लागले? आवडता शिपाई पडला की यंत्राचे बटण दाबून लढाई पहिल्यापासून. म्हणजे नियमाने कायमचा मृत्यू आणि वहिवाटीने अमर, वर अर्धा तास वाया. २०१० मध्ये या मालिकेत असा पर्याय आला की पडलेला शिपाई लढाई संपल्यावर परत येतो, आणि जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली. मला तो पर्याय योग्य वाटतो. कच्चा लिंबू घेतल्याने कोणाचा खेळ बिघडत नाही. आपापल्या घरी एकटे खेळणाऱ्यांत तर बिघडायला दुसरा गडीच नाही.

‘डायब्लो २’ (२०००) आणि नंतर ‘माइनक्राफ्ट’ यांनी उलट बाजूने हेच केले : नेहमीचा खेळ पुन्हा जिवंत होण्याचा, आणि ज्याला हवे त्याने ‘हार्डकोअर’ निवडावे. सक्ती गेली आणि निवड आली, की बटण दाबून फसवण्याची इच्छाही बरीच कमी होते. आपण स्वतःच पत्करलेला उपास चोरून मोडण्यात काय अर्थ?

मराठी मुलखातले उदाहरण घ्यायचे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा २०२० मधला ‘राजी’. आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली डोंबारी घरातली मुलगी, तिला देवांनी दिलेली शस्त्रे, भिंतींवर चित्रांतून उलगडणाऱ्या पुराणकथा. राजी पडली तर थोड्या मागच्या ठिकाणावरून पुन्हा उठते. तिथे कायमचा मृत्यू ठेवला असता तर खेळ धाडसी झाला नसता. बहीण भावापर्यंत पोहोचते की नाही हे बहुतेकांना कधी कळलेच नसते.

मोबाइलवर संजीवनी

आता वसतिगृहात रात्री जे चालते त्याकडे येऊ. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. खेळ स्वतःच संजीवनी पद्धतीने चालला आहे असे एका विद्यार्थ्याने मला सांगितले, ते इथे त्याच्या नावाशिवाय नोंदवतो.

शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटी उरतो तो जिंकतो. एकटे खेळत असाल तर गोळी लागून जीव संपला की संपला, गामिनी. चौघांच्या संघात मात्र जीव संपला की तुम्ही गुडघ्यावर येता, रांगता, आणि तेवढ्या वेळात सोबत्याने येऊन उठवले तर पुन्हा उभे राहता. उठवणाऱ्याला त्यासाठी काही सेकंद बंदूक खाली ठेवून उघड्यावर बसावे लागते. चौघेही पडले तर सगळे एकदम बाद. लोण, फक्त परत उभे राहण्याची सोय नसलेले. हे रचणाऱ्यांनी हुतूतूचे नाव ऐकले असेल असे मला वाटत नाही. पण प्रश्न तोच होता, आणि उत्तरही जवळपास तेच निघाले : मरणाला किंमत हवी, आणि परत आणणे सोबत्याच्या जोखमीवर हवे. उठवायला धावलेला मित्र आणि न धावलेला मित्र यांची चर्चा दुसऱ्या दिवशी वर्गात होते, ती मीच ऐकतो.

दुसरीकडे २०१२ च्या ‘कँडी क्रश’सारखे खेळ. पाच जीव, एक गेला की तो भरायला अर्धा तास थांबा, किंवा पैसे द्या. अनेक फुकट खेळांत ‘जाहिरात पाहा आणि पुन्हा जिवंत व्हा’ अशी पाटी येते. वर नोंद करून ठेवायला सांगितले होते ते इथे लागते. हा ‘गॉन्टलेट’चा गल्ला आहे, फक्त आता तो खिशात असतो आणि रात्री दोन वाजताही उघडा असतो. अशा खेळात मरण किती वेळा यावे हे ठरवणाराच मरणातून सुटका विकतो. कबड्डीत पंचानेच पैसे घेऊन गडी आत सोडले तर आपण त्याला जे म्हणू, तेच इथे म्हणायला हवे. पर्माडेथ क्रूर की सौम्य यावर तावातावाने बोलणारे माझे विद्यार्थी याबद्दल क्वचितच बोलतात, आणि माझ्या दृष्टीने यातला खरा गैरप्रकार हाच आहे. कायमचा मृत्यू निदान प्रामाणिक असतो. तो झाल्यावर तुमच्याकडे काही मागत नाही.

आपल्या फाइलचे काय

तेव्हा प्रयोगशाळेतल्या प्रश्नाला माझे उत्तर असे. तुमच्या खेळातले भुयार दर डावाला नवे तयार होत असेल, एक डाव अर्ध्या-पाऊण तासात संपत असेल, तर फाइल पुसा. नकाशा ठरलेला असेल तर ठेवा. दोघांनी मिळून खेळायचा असेल तर दोन्ही सोडून संजीवनी लिहून पाहा. कोड जरा वाढेल, पण गंमतही वाढेल.

आता पुसायची ठरवलीत तर ती कधी? बहुतेक गट नायक मेल्यावर ‘रिमूव्ह’ची ओळ लिहितात. मग परीक्षणाच्या दिवशी दुसऱ्या गटातला कोणीतरी राक्षसाचा शेवटचा घाव बसण्याआधी कंट्रोल-सी दाबून बाहेर पडतो आणि फाइल शाबूत राहते. म्हणून काही गट रोगसारखे करतात : फाइल उघडल्याबरोबर पुसून टाकायची. ते खरे, पण एकदा मे महिन्यात दुपारी वादळ आले, प्रयोगशाळेची वीज गेली, आणि सोळाव्या मजल्यापर्यंत पोहोचलेला एका मुलीचा नायक कोणत्याही राक्षसाने हात न लावता मेला. ती चिडली, आणि तिचे चिडणे रास्त होते. पुढच्या आठवड्यात तिने प्रत्येक चालीनंतर खेळाची स्थिती आधी एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायची आणि मग नाव बदलून ती मूळ फाइलच्या जागी आणायची, अशी रचना करून दाखवली. वीज गेली तर शेवटच्या चालीपासून खेळ पुढे चालू. घाव बसून जीव शून्य झाला, तर फाइलमध्ये शून्यच लिहिलेले. कंट्रोल-सी दाबायला त्या दोन ओळींच्या मधे जागाच उरली नव्हती. तिचा कोड पुढच्या प्रयोगपत्रिकेसोबत दिला आहे. त्यातला नाव बदलण्याचा क्रम उलटा केला तर काय होईल, ते करून पाहा.